कर्मवीरांनी शाळेआधी शिक्षक घडवला

२२ सप्टेंबर जवळ आला की आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. पांढरी दाढी, खादीचा सदरा, खांद्यावर घोंगडी हे रूप लहान मुलांनाही ओळखता येते. वसतिगृह आणि कमवा व शिका ही त्यांची दोन कामे बहुतेक भाषणांत येतात. तिसरे काम मात्र मागे राहते. ते म्हणजे शिक्षकांचे प्रशिक्षण. आज त्याविषयीच थोडे लिहावे असे आम्हाला वाटले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, बाहुबलीच्या डोंगराजवळच्या कुंभोज गावातला. निपाणीहून कागल ओलांडून हातकणंगल्याकडे गेले की कुंभोज येते, म्हणजे आपल्या शेजारचेच. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळ मूडबिद्रीकडचे. कानडी मुलखातून आलेल्या घराण्यातल्या माणसाने मराठी मुलखात शाळा उभ्या केल्या, हे आपल्या सीमाभागातल्या लोकांनी तरी लक्षात ठेवावे.

कोल्हापुरात त्यांचे शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंत झाले. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. पुढे बेळगावात वकिली केलेले आणि नंतर मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी तुरुंग सोसला, पण साक्ष दिली नाही. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. (किर्लोस्करांचा उद्योगही मूळचा आपल्या बेळगावातला.) नांगर विकताना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. घरात पोरे होती, पण शाळेत जाणारी फार थोडी.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीला जेवत. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या त्यागाची किंमत कोणत्याच ताळेबंदात मांडता येणार नाही, असे आमच्यासारख्या आयुष्यभर ताळेबंद पाहिलेल्या माणसालाही वाटते.

आता मुख्य मुद्दा. वसतिगृहातली मुले शिकू लागली, पण खेड्यातल्या लाखो मुलांना साताऱ्याला आणणे शक्य नव्हते. शाळाच खेड्यात न्यायला हवी होती. त्या काळी मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा मास्तर होऊ शकत असे. पण स्वतःला येणे वेगळे आणि दुसऱ्याला शिकवता येणे वेगळे. भाऊरावांनी हा फरक ओळखला. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. नाव बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे, काम मात्र रयतेचे! पुढे त्याला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि स्त्री शिक्षकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही निघाले.

क्रम पाहा. ट्रेनिंग कॉलेज १९३५ चे, आणि व्हॉलंटरी शाळांची मोठी मोहीम त्यानंतरची. या शाळा सरकारी नव्हत्या. संस्था चालवी, गावकरी जागा देत आणि सरकारकडून अनुदान मिळे. शाळा गावची असली तरी मास्तर तयार झालेला हवा, ही त्यामागची दृष्टी. पुढे हायस्कुले वाढली, तेव्हा मोठ्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी १९५५ मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन उभे राहिले. आपल्याच विद्यार्थ्याला शिकवून पुन्हा शिक्षक म्हणून आणायचे, ही त्यांची रीत. बॅरिस्टर पी. जी. पाटील वसतिगृहातून केंब्रिजपर्यंत गेले आणि परत येऊन साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात प्राचार्य झाले.

हे सारे सुखाने झाले नाही. गांधीजींच्या हत्येनंतरच्या एका भाषणावरून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. लोक मागे उभे राहिले, गाडगे महाराजांनी शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले, तेव्हा संस्थेकडे ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती. शिक्षक घडवणारी ट्रेनिंग कॉलेजे होती ६.

आता थोडे स्वतःविषयी. बँकेत असताना एका खासगी शाळेच्या इमारतीसाठी आलेला कर्जाचा अर्ज आमच्या टेबलावर होता. नकाशा, सात-बारा, घरपट्टी, तीन वर्षांचे हिशेब, सगळे बारकाईने तपासले. शिकवणारे किती, त्यांतले टीसीएच किंवा बी.एड. झालेले किती, हे मात्र विचारले नाही. अर्जात तो रकाना नव्हता, आणि आम्हालाही सुचले नाही. कर्ज वेळेवर फिटले. पण त्या वर्गांत मुले काय शिकली, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही.

१९५६ पर्यंत बेळगाव आणि सातारा एकाच मुंबई राज्यात होते. मग सीमा आखली गेली. इकडचा मास्तर टीसीएच झाला, तिकडचा डी.एड. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या खासगी शाळांतही पात्र शिक्षक बंधनकारक केले आणि अप्रशिक्षितांसाठी २०१९ च्या मार्चअखेरची मुदत घातली. बँकवाल्यांना मार्चअखेर म्हणजे काय ते ठाऊक असते; कागद पूर्ण होतात. पण कागदावरचे प्रशिक्षण आणि वर्गातले शिकवणे यांतले अंतर भाऊरावांना १९३५ सालीच ठाऊक होते. शिवाय शाळेपूर्वीच्या नर्सरीत, जिथे मूल पहिल्यांदा घराबाहेर बसते, तिथे आजही अनेकदा कमी पगारावर, काहीच न शिकलेली मुलगी उभी केली जाते. दोष तिचा नाही. तिला शिकवायला कुणी खर्च केला नाही, एवढेच.

आपले सभासद शाळांना पंखे देतात, बाके देतात, वह्या वाटतात. चांगलेच आहे. पण यंदा कर्मवीर जयंतीला आमची एक विनंती आहे. आपल्यातल्याच एखाद्या होतकरू मुलीची डी.एल.एड. किंवा बी.एड.ची फी मंडळाने भरावी, आणि तिने दोन वर्षे आपल्या भागातल्या मराठी शाळेत शिकवावे. तसेच नातवंडांच्या प्रवेशाला जाताना बसची सोय आणि गणवेशाचा रंग विचारून झाला की एक प्रश्न जरूर विचारावा : आमच्या बाळाला शिकवणाऱ्या बाई कुठे शिकल्या?

आम्ही तो विचारायला उशीर केला. आपण करू नये.