औंधच्या राजाचा हिशेब

गेल्या दिवाळीत माझा नातू वळसंगला आला तो कमरेला पट्टा बांधूनच. वय सोळा, वजन ५८ किलो, सोलापुरात फुटबॉल खेळतो. त्याच्या खिशात एक चार घड्या घातलेला कागद होता. जिममध्ये कुणीतरी दिलेला तक्ता. फुटबॉल खेळणाऱ्याने खांद्यावर रॉड घेऊन बैठक मारायची ती स्वतःच्या वजनाच्या दीडपट; जमिनीवरून उचलायचे ते पावणेदोनपट; बाकावर उताणे पडून छातीवरून ढकलायचे ते निदान आपल्या वजनाइतके. चिरंजीवांनी हिशेब केला होता. बैठकीला ८७ किलो हवेत. सत्तरपर्यंत मजल गेली आणि कमरेत उसण भरली. संघ निवडीला तीन आठवडे उरले होते. ओसरीवर तो उताणा पडून छताकडे पाहत होता आणि त्याची आजी माझ्याकडे पाहत होती. जणू तो तक्ता मीच छापला होता.

बँकेत मी उभा जन्म तक्ते पाहण्यात घालवला. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री, दिवसभर तक्तेच. त्यामुळे एक खोड जडली आहे. तक्ता दिसला की आकडे वाचण्याआधी तो कुणी केला आणि कुणासाठी केला, हे मी शोधतो. नातवाच्या कागदावर ते काहीच नव्हते. पुढे वाचनात आले की असल्या आकड्यांना आधार आहे. नॉर्वेच्या रोसेनबोर्ग क्लबच्या १७ खेळाडूंवर केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला बैठकीत जास्त वजन पेलते तो पहिल्या दहा मीटरमध्ये जास्त वेगाने सुटतो आणि उंचही उडतो, असे त्यात दिसले. त्या खेळाडूंची सरासरी १७० किलोच्या वर होती, म्हणजे त्यांच्या वजनाच्या दुपटीहून अधिक. पण ते व्यावसायिक गडी होते, वर्षानुवर्षे वजने मारलेले, आणि बैठकही अर्धीच होती. आमचा सोळा वर्षांचा गडी त्यांच्या खातेवहीतली शिल्लक आपल्या पासबुकात शोधत होता.

त्या दिवशी मला औंधच्या राजाची आठवण झाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्यानेही असाच एक परदेशी तक्ता समोर ठेवून घाम गाळला होता.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा, औंधचा. संस्थान लहान, बहात्तर गावांचे, आणि तेही एका जागी सलग नाही. औंध साताऱ्याकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला, तर गुणदाळ थेट भीमेपलीकडे विजापूर मुलखात. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पदवीधर झाले. चित्रे काढायचे, कीर्तन करायचे. पण मला त्यांच्याविषयी कुतूहल आहे ते एका वेगळ्याच गोष्टीचे. १८९७ साली, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी युजेन सँडोची पुस्तके आणि व्यायामाची साधने विकत आणली.

सँडो हे नाव आज बनियनपुरते उरले आहे. त्या काळी तो जगातला सर्वांत प्रसिद्ध बलवान पुरुष होता. प्रशियातल्या क्योनिग्जबर्गचा, बाळासाहेबांहून दीड वर्षाने मोठा. रंगमंचावर अवाढव्य वजने उचलून दाखवी. पण लोकांना विके तो हलक्या डंबेल्सचा व्यायाम. त्याच्या पुस्तकात वयाप्रमाणे तक्ते होते: कोणता प्रकार किती वेळा करायचा आणि किती दिवसांनी किती वाढवायचा. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल होते. हे गृहस्थ तरुणपणी पोर्टस्मथच्या हौशी फुटबॉल संघाचे गोलरक्षक होते आणि मैदानावर टोपणनावाने उतरत. नातवाला हे सांगितल्यावर पहिल्यांदाच त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

तर बाळासाहेबांनी सँडोचा व्यायाम थोडाथोडका नव्हे, दहा वर्षे केला. रोज, नेमाने. छाती रुंदावली, दंड भरले. मग १९०८ च्या सुमारास त्यांनी ते सोडले आणि मिरजेच्या राजेसाहेबांचे पाहून सूर्यनमस्कार धरले. चाळिशीतला माणूस, दहा वर्षांची कमाई अंगावर दिसत असताना, मोजण्याची पट्टीच बदलतो! डंबेल्सनी स्नायू वाढले, पण आतली इंद्रिये, श्वास, पाठीचा कणा यांना हवे ते मिळत नाही, असे त्यांचे मत झाले होते. माझा तर्क असा की, दुसरे कारण त्यांच्या प्रजेत होते. १९०९ मध्ये ते गादीवर आले. सँडोची साधने राजपुत्राला परवडत. माणदेशातल्या, पावसाने पाठ फिरवलेल्या गावातल्या पोराला कोण आणून देणार? नमस्काराला साडेतीन हात जमीन पुरते.

आणि मग हा राजा नमस्कारांच्या मागे असा लागला की विचारू नका. स्वतः रोज शेकड्यांनी घालायचे. राणीसाहेब घालायच्या, मुले घालायची. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले आणि वयाप्रमाणे संख्या चढती ठेवली. म्हणजे तक्ता राहिलाच, फक्त किलो गेले. १९२८ मध्ये त्यांनी यावर इंग्रजीत पुस्तक काढले, मूकपटही करून घेतला. १९३६ मध्ये ते विलायतेस गेले तेव्हा वय अडुसष्टच्या घरात. लुइज मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी न्यूज क्रॉनिकल या दैनिकात त्यांच्या व्यायामावर लिहिले आणि १९३८ मध्ये त्याचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. आज जगभर योगवर्गांची सुरुवात ज्या नमस्काराने होते, त्याच्या प्रसारामागे औंधच्या या राजाचा मोठा हात आहे, हे आपल्याकडेही फारसे कुणाच्या गावी नाही.

सक्तीबद्दल मात्र मला राजेसाहेबांशी भांडायचे आहे. सोलापूरच्या एका शाळेत मी शिकलो (नाव नको). तिथे कवायतीचे एक मास्तर आटपाडीकडचे होते, जुन्या संस्थानी शिस्तीत वाढलेले. गृहपाठ राहिला, नमस्कार. उशीर झाला, नमस्कार. पावसाळ्यात शहाबादी फरशीवर एकदा माझा हात घसरला आणि हनुवटी फुटली. खूण अजून आहे. मास्तरांनी संख्या पुरी करून घेतली, मगच दवाखान्यात पाठवले. त्यानंतर चाळिशी उलटेपर्यंत मी एकही नमस्कार घातला नाही. जो व्यायाम राजा स्वतः प्रेमाने करत होता, तो हुकमाने खाली उतरताना शिक्षा होऊन बसला. शिवाय प्रत्येक नमस्कारामागे मंत्र आणि सूर्याचे नाव. सगळ्या धर्मांच्या मुलांना ते सारखेच आपले वाटेल असे नव्हे, ही गोष्टही सक्तीच्या उत्साहात मागे पडते.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. ऐंशीच्या दशकात माझी बदली आटपाडीला झाली. पेन्शन घ्यायला एक वृद्ध खातेदार यायचे, सत्तरीच्या पुढचे, औंध संस्थानाच्या शाळेत शिकलेले. काउंटरसमोरच्या लाकडी बाकावरून उठताना ते हात टेकत नसत. सरळ उभे राहत, हातातली पिशवी न हलवता. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून उठत होतो. त्यांना विचारले तर ते हसले, आणि लहानपणची सवय सुटली नाही एवढेच सांगून पासबुक पुढे सरकवले.

त्यांच्यामुळेच एका रविवारी औंधला गेलो. यमाईच्या डोंगरावर राजेसाहेबांनी १९३८ मध्ये उभारलेले संग्रहालय पाहिले. चित्रांचा एवढा साठा, आणि तो अशा आडगावी! भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी या राजाने एक लाख रुपये देऊ केले होते. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला तो त्यांनीच. माडगूळकर बंधूंचे माडगूळ याच संस्थानातले. यातल्या एकेका गोष्टीवर स्वतंत्र लेख होईल. मी एकच निवडतो. १९३९ मध्ये त्यांनी आपली सत्ता कायद्याने रयतेच्या हवाली केली. ती राज्यघटना गांधीजींच्या सल्ल्याने झाली. मुलगा अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनिअर त्यामागे राबले. गावपंचायतीच्या हाती कारभार गेला. संस्थाने सोडावी लागणार हे तोवर इतर राजांच्या स्वप्नातही नव्हते. सत्तरीतला माणूस पुन्हा एकदा मोजण्याची पट्टी बदलत होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब वारले.

आता नातवाकडे वळतो. त्याला मी बँकेचा हिशेब मांडून दाखवला. दंड मारताना शरीराचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. ५८ किलोच्या मुलाला ते ३९ किलो झाले. शंभर नमस्कारांत तेवढे शंभर वेळा खाली जाऊन वर यायचे, म्हणजे ३,९०० किलो. पोरगा उठून बसला. पण लगेच त्याने मला पकडले. शंभर वेळा ३९ आणि एकदा ८७ यांची बेरीज सारखी कशी? एका उडीत हेडर मारायचा असतो, शंभर उड्यांत नव्हे. त्याचे म्हणणे बरोबर होते. दमसास वाढवणे वेगळे आणि एका क्षणात लागणारी ताकद वाढवणे वेगळे. त्या ताकदीसाठी जड वजन लागतेच, आणि जाणकार माणूस शेजारी उभा असेल तर सोळाव्या वर्षी ते उचलण्यात गैर काही नाही. राजेसाहेबांना फुटबॉलचा संघ घडवायचा नव्हता. त्यांना आटपाडीच्या शाळेतले शेवटच्या बाकावरचे पोरही धडधाकट हवे होते. त्यांचा तक्ता त्यासाठी होता.

तरी मीही हार मानली नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, फिफाचा, दुखापती टाळण्याचा एक वीस मिनिटांचा कार्यक्रम आहे. धावणे, फळीसारखे ताठ राहणे, बैठका, उड्या. वजन एकही नाही, फक्त आपले शरीर. नॉर्वेतच तेरा ते सतरा वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर त्याची चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आले. ज्या संघांनी तो नेमाने केला त्यांच्यात गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. नातवाला हा कार्यक्रम ठाऊक होता. त्यांचे प्रशिक्षक तो रोज घेतात आणि हा रोज उशिरा पोहोचून तो चुकवतो, हेही मग बाहेर आले. आजीने माझ्याकडे रोखून पाहणे त्यानंतर थांबवले.

डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली. निवड हुकली. तो रडला, रात्री, पांघरूण डोक्यावर ओढून. आम्ही दोघांनी ऐकले नाही असे दाखवले.

परवा तो पुन्हा आला होता. पहाटे अंगणात सतरंजी टाकून त्याने बारा नमस्कार घातले, मंत्र न म्हणता, मोजत. मी शेजारी सहा घातले, सातव्याला गुडघा बोलला. मग त्याने तो जुना कागद काढला, दीडपटीवर काट मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला तारीख घालून लिहिले, बैठक ४० किलो. खाली पुढच्या महिन्याची तारीख, ४५ किलो. पेन माझेच होते, ते त्याने परत दिले नाही.