नाना शंकरशेट आणि मराठीचा कैवार

कै. नाना शंकरशेट म्हटले की घाटकोपर-मुलुंडकडील आमच्या दैवज्ञ ज्ञातिबांधवांस आगगाडीच आठवते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी याच मार्गाने गेली आणि तिच्या उभारणीत नाना अग्रभागी होते. आमच्या मते त्यांचे थोर कार्य मात्र त्याआधीचे.

मुरबाडच्या मुरकुटे घराण्यातील नानांचा जन्म 1803 चा. सरकारने 1840 मध्ये शिक्षणमंडळ नेमले, तेव्हा फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा यांजसह ते सभासद झाले. पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. सरकारी पैसा वरच्या वर्गाच्या इंग्रजी शिक्षणावर खर्चावा, हा त्यांचा आग्रह. 1847 साली नानांनी त्यास लेखी विरोध केला. नाना इंग्रजीचे वैरी नव्हते. ते ती उत्तम जाणत. परंतु बहुजनांस विद्या द्यावयाची तर ती स्वभाषेतूनच पोहोचेल, हे त्यांनी ओळखले होते. तिन्ही एतद्देशीय सभासद व कर्नल जर्विस एका बाजूस आणि न्यायाधीश दुसऱ्या! सामना सोपा नव्हता. इस्पितळाचा इंग्रजी कागद घेऊन अर्थ विचारीत फिरणारी वडीलधारी माणसे आम्ही अंधेरी-बोरिवलीत आजही पाहतो, तेव्हा त्या वादाचे मोल उमगते.

1854 च्या वुडच्या खलित्याने बहुजनांचे शिक्षण देशी भाषांतून व्हावे हे मान्य केले. राज्यकारभारासाठी मराठीचा राजभाषा अधिनियम झाला तो 1964 चा. नाना 31 जुलै 1865 रोजी निवर्तले, त्यास तेव्हा शतक होत आले होते.