कापूस वऱ्हाडाचा, माग इचलकरंजीचे! ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ घडवणारे जहागीरदार कोण?

वाशिम-कारंजाच्या काळ्या मातीत कापूस पिकतो. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातल्या गाठी मुंबईमार्गे लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत जायच्या. यंत्रमागांचे मोठे शहर मात्र इथे नाही, तर दूर पंचगंगेकाठी इचलकरंजीत उभे राहिले.

त्यामागचे मोठे नाव म्हणजे नारायणराव बाबासाहेब घोरपडे. घोरपडे घराण्यात ते दत्तक आले. १८९२ मध्ये जहागिरीचा कारभार त्यांच्या हाती आला आणि पुढच्याच वर्षी गावात नगरपालिका स्थापन झाली. गाव लहान, पण पालिका आधी आली आणि यंत्रे नंतर, हे विशेष. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. अशा धडपड्या माणसांना बाबासाहेबांचे पाठबळ मिळाले. एखाद्या बड्या गिरणीऐवजी गल्लोगल्ली छोटे कारखाने, असे हे शहर वाढत गेले.

बाबासाहेब १९१३ मध्ये युरोपला गेले. इंग्रजांचे जीवन जवळून पाहिले, त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. गायनाचार्य बाळकृष्णबुवा त्यांच्याच दरबारी होते.

१९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. इचलकरंजीची महापालिका व्हायला २०२२ उजाडले. नदीकाठच्या या शहरात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र अजूनही निवडणुकीत गाजतो.