नेव्हिल डिसोझा

नेव्हिल स्टीफन डिसोझा (३ ऑक्टोबर, १९३२ - १६ मार्च, १९८०) हे भारतीय फुटबॉलपटू होते. ते आघाडीच्या फळीत खेळत. १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. मुंबईतील कॅल्टेक्स संघाने १९५८ साली रोव्हर्स कप जिंकला, त्या संघातही ते होते.

जन्म आणि पार्श्वभूमी

डिसोझा यांचा जन्म गोव्यातील बारदेश तालुक्यातल्या आसगाव या गावी झाला. त्या काळी गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि गोव्यातील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईशी जोडलेली होती. डिसोझा यांची संपूर्ण कारकीर्द मुंबईतच घडली. ते मेलबर्नला भारताकडून खेळले तेव्हा त्यांचे जन्मगाव भारतात नव्हते. गोवा मुक्त होण्यास आणखी पाच वर्षे जायची होती. त्यांचे बंधू डेरेक हेही फुटबॉलपटू होते.

मुंबईतील कारकीर्द

स्वातंत्र्योत्तर मुंबईत फुटबॉल हा पोटाचा व्यवसाय नव्हता. खेळाडू एखाद्या कंपनीत नोकरी करीत आणि तिच्याच संघाकडून हारवूड लीगमध्ये व बाद पद्धतीच्या स्पर्धांमध्ये उतरत. चांगला खेळाडू मिळावा म्हणून कंपन्यांत चढाओढ असे. खेळाडूला मात्र त्यातून मुख्यतः नोकरीची शाश्वती मिळे. टाटा स्पोर्ट्स क्लब, महिंद्र आणि महिंद्र व कॅल्टेक्स हे असेच संघ होते. डिसोझा यांनी या तिन्ही संघांकडून खेळ केला. गोलसमोर योग्य क्षणी पोहोचणे आणि हाती आलेली संधी न दवडणे हे त्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य होते.

राज्यांच्या संघांमधील संतोष करंडक स्पर्धा १९४१ साली सुरू झाली. मुंबईचा संघ अंतिम फेरीपर्यंत जाई, परंतु करंडक हाती लागत नसे. १९५४ साली मद्रास येथे झालेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुंबईने सेनादलाच्या संघाचा २-१ असा पराभव करून हे विजेतेपद प्रथमच मिळवले. डिसोझा त्या विजयी संघात होते.

मेलबर्न ऑलिंपिक, १९५६

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. त्या संघातील बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर भारतात बूट घालून खेळणे बंधनकारक झाले. चार वर्षांनी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या देखरेखीखाली गेलेला संघ सर्वार्थाने वेगळा होता. समर बॅनर्जी हे कर्णधार होते आणि उजव्या बगलेवर प्रदीपकुमार बॅनर्जी होते.

हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारताला न खेळताच पुढे चाल मिळाली. या नशिबाचा उल्लेख पुढे अनेकदा होतो, परंतु उपांत्यपूर्व सामना भारताने मैदानावरच जिंकला. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध डिसोझा यांनी नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ब्रूस मॉरो यांनी सतराव्या मिनिटाला बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला डिसोझा यांनी दुसरा गोल केला, मॉरो यांनी एक्केचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला डिसोझा यांचा तिसरा गोल झाला आणि भारताची आघाडी अखेरपर्यंत टिकली. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला. भारताने ४-२ असा विजय मिळवून उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तेथवर पोहोचलेला हा पहिला आशियाई संघ होता.

४ डिसेंबर रोजी समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला डिसोझा यांनी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. हेलसिंकीचा निकाल आठवला तर या गोलाचे मोल कळते. आघाडी दोन मिनिटेच टिकली. युगोस्लाव्हियाने लागोपाठ गोल केले, एक गोल भारताच्याच बचावपटूच्या पायाने झाला आणि सामना ४-१ असा हातचा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात ७ डिसेंबरला बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. चौथे स्थान ही ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

डिसोझा यांचे एकूण चार गोल झाले. युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव यांच्यासह ते स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. ते दोघेही पदक घेऊन परतले.

रोव्हर्स कप, १९५८

रोव्हर्स कप ही मुंबईत १८९१ साली सुरू झालेली बाद पद्धतीची स्पर्धा होती. ड्युरँड कप आणि आयएफए शील्ड यांच्या जोडीने ती देशातील प्रमुख स्पर्धांत गणली जाई. सुरुवातीची अनेक दशके ब्रिटिश पलटणींनीच ती जिंकली. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने ही परंपरा मोडली. स्वातंत्र्यानंतरही कप बहुधा बाहेरगावी जाई. रहीम यांच्याच हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो जिंकला, १९५५ साली मोहन बागानने आणि १९५६ साली मोहम्मेडन स्पोर्टिंगने. कूपरेज मैदानावर जमणाऱ्या मुंबईकर प्रेक्षकांना दरवर्षी पाहुण्यांचाच विजय पाहावा लागे.

१९५८ साली हे चित्र बदलले. कॅल्टेक्सने अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगला ३-२ असे हरवले. बाद पद्धतीत एक चूक पुरेशी असते आणि एका गोलाच्या फरकाने मिळालेल्या या विजयाने कप यजमान शहरात राहिला. तेल कंपनीच्या संघाने कलकत्त्याच्या नामांकित क्लबला नमवणे ही मुंबईच्या कंपनी-फुटबॉलसाठी मोठी गोष्ट होती. पुढच्याच वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंगने कप परत मिळवला.

उत्तरकाळ

१९६० सालच्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघात डिसोझा नव्हते. त्यावेळी ते २७ वर्षांचे होते. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि फुटबॉलसाठीचा पहिला पुरस्कार प्रदीपकुमार बॅनर्जी यांना मिळाला. डिसोझा यांना हा पुरस्कार मिळाला नाही. मेलबर्नची कामगिरी पुरस्कार सुरू होण्याच्या पाच वर्षे आधीची होती, हे खरे असले तरी पुढील दोन दशकांतही शासनाकडून त्यांची दखल घेतली गेली नाही.

१६ मार्च, १९८० रोजी वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.