घोड्यावरून येणारी सुईण

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती, रुंद रस्ते आणि चकचकीत इस्पितळे उभी राहतात. पण त्याच अमेरिकेत, केंटकी राज्याच्या पूर्वेला डोंगरांच्या कुशीत, लेस्ली नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुकाच समजा. १९२५ साली तिथे सुमारे दहा हजार माणसे राहत होती आणि सरकारमान्य डॉक्टर एकही नव्हता. रेल्वे नव्हती, मोटारीचा रस्ता नव्हता. ओढ्याचे कोरडे पात्र हीच वाट, आणि पाऊस झाला की तीही बंद. बाई अडली, तर शेजारपाजारची म्हातारी सुईण येई. तिच्या हाताला यश आले तर देवाची कृपा, न आले तर डोंगरावर आणखी एक खड्डा.

अशा मुलखात एक चव्वेचाळीस वर्षांची स्त्री घोड्यावर बसून आली आणि उरलेले सारे आयुष्य तिथेच राहिली. तिचे नाव मेरी ब्रेकिनरिज.

मेरीचा जन्म १७ फेब्रुवारी १८८१ रोजी टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात झाला. घराणे बडे. आजोबा जॉन ब्रेकिनरिज अमेरिकेचे उपाध्यक्ष होऊन गेलेले. वडील काँग्रेसचे सदस्य, पुढे रशियात अमेरिकेचे वकील म्हणून नेमले गेले. त्यामुळे मुलीचे बालपण सेंट पीटर्सबर्गपासून स्वित्झर्लंडच्या शाळेपर्यंत फिरले. फ्रेंच बोलणे, घोडेस्वारी, बड्या लोकांत वावरणे हे सगळे तिला सहज आले. मात्र अशा घरातल्या मुलीने काही काम करावे, ही कल्पना त्या काळी तिकडेही कोणाला मानवत नव्हती. मुलीने लग्न करावे, घर सजवावे, एवढीच अपेक्षा.

मेरीने तेही करून पाहिले. १९०४ साली एका वकिलाशी तिचे लग्न झाले आणि १९०६ मध्ये ती विधवा झाली. पंचविसाव्या वर्षी हाती काही उरले नाही, तेव्हा तिने न्यू यॉर्कच्या सेंट ल्यूक इस्पितळात नर्सिंगचे शिक्षण घेतले आणि १९१० साली ते पूर्ण केले. १९१२ मध्ये आर्कान्सामधल्या एका महाविद्यालयाच्या प्रमुखाशी तिने दुसरे लग्न केले. १९१४ च्या जानेवारीत मुलगा झाला. त्याला सगळे ब्रेकी म्हणत. दोन वर्षांनी मुलगी झाली, पण दिवस पुरे होण्याआधीच आलेला तो जीव काही तासांतच गेला. आणि १९१८ च्या जानेवारीत, नुकताच चार वर्षांचा झालेला ब्रेकीही आजारपणात गेला.

ज्या घरात नर्स आई होती, डॉक्टर बोलावण्याइतका पैसा होता, तिथेही मूल वाचले नाही. हा घाव तिला कायमचा बदलून गेला. तिने मुलाच्या चार वर्षांवर एक पुस्तक लिहिले, नवऱ्याचे घर सोडले, पुढे घटस्फोट घेऊन माहेरचे नाव परत लावले. उरलेले आयुष्य लहान मुलांसाठी घालवायचे, एवढे तिने ठरवले होते. कसे, ते मात्र अजून ठरायचे होते.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ती फ्रान्सच्या उद्ध्वस्त झालेल्या उत्तर भागात मदतकार्याला गेली. गावे बेचिराख झालेली, गुरे मेलेली, तान्ह्या मुलांना दूध नाही. मेरीने अमेरिकेतल्या लोकांकडून पैसे मिळवून शेळ्या विकत घेतल्या आणि गावोगाव घरी जाऊन बाळ-बाळंतिणींना तपासणाऱ्या नर्सेसची फळी उभी केली. तिथेच तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. युरोपात नर्सिंग आणि सुईणपण ही दोन्ही कामे शिकलेल्या बायका होत्या. अमेरिकेत नर्स वेगळी, सुईण वेगळी. नर्सला बाळंतपण करता येत नसे, आणि सुईणीला शिक्षण नसे. ही दोन माणसे एकाच बाईत आणली, तर डॉक्टर नसलेल्या मुलखातही काम उभे राहील, असे तिला वाटू लागले.

पण हौसेने धावत सुटणाऱ्यांतली ती नव्हती. १९२३ च्या उन्हाळ्यात तिने केंटकीच्या तीन डोंगराळ कौंट्यांतून घोड्यावरून शेकडो मैल प्रवास केला आणि पन्नासहून अधिक सुईणींच्या घरी जाऊन त्यांची माहिती टिपून घेतली. त्या बहुतेक वयस्क, निरक्षर, पण शेजारधर्माने धावून जाणाऱ्या बायका होत्या. मग मेरी लंडनला गेली आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी होऊन सुईणपणाची परीक्षा पास झाली. तिथून स्कॉटलंड. तिथल्या डोंगराळ भागांत आणि बेटांवर १९१३ पासून सरकारी मदतीने विखुरलेल्या वस्त्यांसाठी वैद्यकीय सेवा चालत होती. नर्स कुठे राहते, किती अंतरापर्यंत जाते, डॉक्टरला केव्हा बोलावते, खर्च कोण करते, हे सारे तिने पायाखाली घालून पाहिले.

इथून पुढे मात्र त्यांना बाईच म्हटले पाहिजे.

मे १९२५ मध्ये बाईंनी केंटकीतल्या ओळखीपाळखीच्या प्रतिष्ठितांची एक समिती स्थापन केली. तिचेच नाव १९२८ साली फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस झाले. कामाचे ठिकाण म्हणून त्यांनी मुद्दाम लेस्ली कौंटी निवडली. इथे जमले तर कुठेही जमेल, असा त्यामागे हिशेब होता. पहिले काम त्यांनी कुठले केले असेल? गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद. आधी किती मरत होते हेच ठाऊक नसेल, तर पुढे किती वाचले हे कशावरून सांगणार? मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली, म्हणूनही असेल, पण बाईंच्या सगळ्या चरित्रात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

हायडेन या छोट्या गावात दोन नर्सेसनी पहिले केंद्र उघडले. मिडल फोर्क नदीच्या काठी वेंडोव्हर येथे बाईंनी ओंडक्यांचे मोठे घर बांधले. तेच त्यांचे निवासस्थान आणि तेच मुख्य कार्यालय. १९२८ मध्ये हायडेनला छोटे इस्पितळ सुरू झाले. उद्‌घाटनाला स्कॉटलंडच्या त्या योजनेचे एक शिल्पकार सर लेस्ली मॅकेंझी समुद्र ओलांडून आले होते. मग इस्पितळाभोवती एकेक करून सहा उपकेंद्रे उभी राहिली. केंद्रापासून साधारण पाच मैलांचा टापू ही प्रत्येकाची हद्द. घोड्यावरून तासाभरात कुठल्याही घरी पोचता यावे, म्हणून पाच मैल. सगळे मिळून सुमारे सातशे चौरस मैलांचा मुलूख.

विस्ताराची त्यांची रीत बघण्यासारखी होती. गावकऱ्यांनी मागणी करायची, आपली स्थानिक समिती नेमायची, आणि श्रमाचा, लाकडाचा वाटा उचलायचा. इमारतीचा खर्च एखाद्या धनिकाकडून मिळवायचा. मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड यांनी रेड बर्डचे केंद्र दिले. क्लीव्हलंडच्या फ्रान्सिस बोल्टन यांनी आणखी एक दिले. त्या पुढे काँग्रेसच्या सदस्य झाल्या.

आता माणसांचा प्रश्न. खेड्यात नोकरी म्हटले की बदलीचा अर्ज आधी तयार असतो, हे ग्रामीण शाखेत काढलेल्या वर्षांत मी पुष्कळ पाहिले आहे. मग त्या डोंगरात शिकलेल्या नर्सेस टिकल्या कशा? एक तर केंद्रावर त्या बहुधा जोडीने राहत, एकटीला ठेवायचे नाही. राहायला नीटनेटके घर, घोडा, गाय, घरकामाला माणूस. दुसरे म्हणजे अधिकार. बाईंनी लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांच्या समितीकडून एक लेखी नियमावली तयार करवून घेतली होती. कुठल्या लक्षणाला नर्सने स्वतः काय करायचे, कुठले औषध द्यायचे आणि कुठल्या क्षणी डॉक्टरला निरोप धाडायचा, सारे त्यात होते. त्यामुळे मध्यरात्री परक्या झोपडीत एकटी उभी असलेली नर्स भांबावून जात नसे.

खोगिराच्या दोन्ही बाजूंना पिशव्या. बाळंतपणाच्या पिशव्या वेगळ्या, रोजच्या फेरीच्या वेगळ्या. निळसर गणवेष, पायांत उंच बूट. बाळंतीण गरोदर असल्यापासून तिची नियमित तपासणी, बाळंतपण घरीच, नंतर पुन्हा भेटी. त्याबरोबर घरातल्या पोरांना देवी, घटसर्प, विषमज्वर यांच्या लसी, आणि विहिरीपासून संडासापर्यंतच्या सूचना. नुसतेच बाळंतपण करून निघून जाणे बाईंना मान्य नव्हते.

घोड्यांची निगा, निरोप पोचवणे, पाहुण्यांना वाट दाखवणे यासाठी शहरातल्या श्रीमंत घरांतल्या तरुण मुली बिनपगारी येत. त्यांना कुरियर म्हणत. यात बाईंचे धोरण होते. मुलगी सहा-आठ आठवडे चिखल तुडवून घरी परतली, की तिचे आईबाप आणि पुढे तिचा नवरा, सगळे संस्थेचे देणगीदार होत.

रुग्णांकडूनही पैसे घेतले जात. वर्षाला कुटुंबामागे एक डॉलर, बाळंतपणाचे पाच डॉलर. रोख नसेल तर मका, घोड्याचा चारा, कुंपण घालून देणे, काहीही चाले. खर्चाचा फार थोडा भाग यातून निघे. पण आपण भीक घेत नाही, ही भावना त्या मानी डोंगरी माणसांना जपायची होती. बाई स्वतः पगार घेत नसत.

फळ काय मिळाले? नोंदी ठेवल्या होत्या, त्यामुळे उत्तर देता आले. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या तज्ज्ञांनी पहिल्या एक हजार बाळंतपणांचे कागद तपासले आणि १९३२ साली निष्कर्ष दिला. बाळंतपणाच्या थेट कारणाने त्यांत एकही आई दगावली नव्हती. त्या काळी साऱ्या अमेरिकेत हजारी सहा-सात माता दगावत. अशी सेवा देशभर मिळाली तर वर्षाला दहा हजार आया वाचतील, असा त्या तज्ज्ञांचा हिशेब होता. ज्यांच्या घराला काचेची खिडकी नव्हती, त्या बायका न्यू यॉर्कच्या बायकांपेक्षा सुरक्षित झाल्या होत्या.

याच सुमारास संकटे एकदम आली. मंदीने देणग्या आटल्या. कर्मचारी कमी करावे लागले. राहिलेल्यांनी पगार थकले तरी केंद्रे चालू ठेवली. १९३१ च्या नोव्हेंबरमध्ये घोडा उधळून बाई खाली पडल्या आणि त्यांच्या पाठीचा कणा मोडला. त्या वाचल्या, पण जन्मभर पाठीला पट्टा बांधून वावरल्या. तशाही अवस्थेत त्या शहरोशहरी व्याख्याने देत हिंडत आणि पैसे गोळा करत.

खरी कसोटी १९३९ मध्ये लागली. शिकलेल्या सुईणी ब्रिटनमधून आणायच्या, किंवा अमेरिकन नर्सेसना शिकायला तिकडे पाठवायचे, या दोन आधारांवर संस्था उभी होती. युद्ध पेटले आणि बऱ्याच ब्रिटिश नर्सेस मायदेशी निघाल्या. वाटही बंद झाली. तेव्हा बाईंनी त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, हायडेनच्या डोंगरात स्वतःचे सुईणपणाचे विद्यालय काढले. सुरुवात अगदी मोजक्या विद्यार्थिनींवर झाली. परक्या मुलखातून आयात केलेल्या माणसांवर विसंबलेले काम आता आपली माणसे आपणच घडवू लागले. आज मागे वळून पाहताना वाटते, बाईंच्या हातून घडलेले सर्वांत टिकाऊ काम हेच.

त्यांचे चरित्र निर्दोष मात्र नव्हे. दक्षिणेतल्या जुन्या घराण्याचा वर्णाभिमान त्यांच्यात पुरेपूर होता. त्यांच्या कारकिर्दीत काळ्या नर्सेसना या सेवेत स्थान मिळाले नाही. डोंगरातली माणसे शुद्ध गोऱ्या रक्ताची आहेत, असे सांगून त्या देणगीदारांची मने वळवत. जुन्या सुईणींच्या घरी बसून त्यांनी माहिती घेतली, पण पुढच्या रचनेत त्या बायकांना जागा ठेवली नाही. संस्थेवर त्यांची एकहाती हुकमत होती. आईच्या मायेने सुरू झालेल्या कामालाही कुंपण असू शकते, हे आपण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे.

युद्धानंतर रस्ते आले, जीप आल्या, घोडे हळूहळू तबेल्यातून नाहीसे झाले. बाळंतपणेही घरातून इस्पितळाकडे सरकली. १९५२ साली बाईंनी आत्मचरित्र लिहिले. १६ मे १९६५ रोजी वेंडोव्हरच्या त्याच घरात, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पुढे १९७५ मध्ये हायडेनला त्यांच्या नावाने नवे इस्पितळ झाले. १९९८ साली अमेरिकेने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. ते इस्पितळ २०११ मध्ये दुसऱ्या एका आरोग्य संस्थेकडे गेले. डोंगरातले विद्यालय मात्र वाढत वाढत विद्यापीठ झाले आणि आजही नर्सेस व सुईणी घडवते आहे.

दोन मुले गमावलेल्या आया जगात पुष्कळ असतात. बहुतेक जणी ते दुःख उराशी धरून संसार रेटतात. मेरीबाईंनी त्या दुःखाला वहीपेन्सिल दिली, नकाशा दिला, घोडा दिला. ब्रेकी परत आला नाही. पण मिडल फोर्कच्या काठी पावसाळी रात्री कोणी घोड्याच्या टापा ऐकल्या, की आत कळा देणारी बाई थोडी शांत होई. आपल्याकडेही एखाद्या आडवाटेच्या उपकेंद्रात एकटी नर्स राहत असते. तिला राहायला धड घर आहे का, अडचणीला विचारायला कोणी आहे का, आणि रात्री हाक आली तर जायला वाहन आहे का, एवढे तीन प्रश्न तिथल्या गावकऱ्यांनी एकदा विचारून पाहावेत.