शस्त्रवैद्य एडोआर्डो बासिनी

दसरा उलटला कीं आपल्या बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं परमुलखास निघतात. उसाच्या जड मोळ्या उचलतांना पोटावर मोठा ताण पडतो. जांघेजवळची पोटाची भिंत ज्याची दुबळी, त्यास तेथें कधीं गांठ येते. हाच अंतर्गळ. ह्या व्याधीवर भरंवशाचा उपाय दाखविणाऱ्या इटालियन शस्त्रवैद्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं जाणण्याजोगें आहे.

बासिनीचा जन्म १८४४ सालीं पाव्हिया नगरांत झाला. १८६६ सालीं तो वैद्यकाचा पदवीधर झाला. इटलीच्या एकीकरणाची चळवळ तेव्हां ऐन भरांत होती. रोम मात्र अद्याप नव्या राष्ट्राबाहेर होतें. १८६७ सालीं हा तरुण वैद्य कायरोली बंधूंच्या सुमारें सत्तर जणांच्या तुकडींत शिपाई म्हणून दाखल झाला. ऑक्टोबरांत रोमजवळ व्हिला ग्लोरी येथें चकमक झाली. तींत त्याच्या उजव्या जांघेंत संगीन घुसली, आंतड्यास इजा झाली, व तो बंदी झाला. जखमेंतून मळ वाहूं लागला. पुढें पाव्हियास त्याचे गुरु लुइजी पोर्ता ह्यांच्या उपचारांनीं तो बरा झाला.

मग शस्त्र बदललें. संगिनीच्या जागीं वैद्याची सुरी आली. व्हिएन्नास बिलरोथ व लंडनास लिस्टर ह्यांचें काम त्यानें पाहिलें, आणि १८८२ पासून पादुआ विद्यापीठांत तो शिकवूं लागला.

जांघेची रचना विलक्षण आहे. कमरेच्या हाडापासून मध्यभागच्या हाडापर्यंत एक बळकट बंध ताणलेला असतो. त्याखालून मांडीकडे दोन वाटा जातात. बाहेरच्या वाटेनें मांडी उचलणारा स्नायु व मज्जातंतु जातो. आंतल्या वाटेनें मोठी धमनी व शीर. बंधाच्या वर, पोटाच्या भिंतींतून, सुमारें चार सेंटिमीटर लांबीची एक तिरकस वाट आहे. पुरुषांत तींतून वृषणाचा रज्जु रक्तवाहिन्यांसह उतरतो. ओझें उचलतांना हिच्या भिंती एकमेकींवर दाबल्या जाऊन वाट मिटते. मागची भिंत ढिली पडली, म्हणजे आंतडें तेथून बाहेर डोकावतें.

पूर्वीं अशा रोग्यास पट्टा बांधीत, किंवा नुसतें बाहेरचें तोंड शिवीत. गांठ पुष्कळदां परत येई. बासिनीनें १८८४ पासून मागची भिंतच नव्यानें उभारली. पोटाचे आंतले तीन थर त्यानें त्या बंधास शिवले, व वाटेस तिचा तिरकसपणा परत दिला. १८८९ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. त्यानें प्रसिद्ध केलेल्या २६२ शस्त्रक्रियांच्या हिशेबांत गांठ परतल्याचीं उदाहरणें अवघीं ७ होतीं. अपयशही त्यानें मोजून मांडलें, हें ध्यानांत ठेवावें.

१९०४ सालीं तो इटलीच्या वरिष्ठ सभेचा सभासद झाला, आणि १९२४ सालीं निवर्तला. आज कृत्रिम जाळी बसविण्याची रीत अधिक रूढ आहे. तरी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास ह्या वाटा अजूनही शिकाव्याच लागतात.

वाचकहो, घरांत कोणास अशी गांठ असेल तर लाजेनें लपवूं देऊं नका. ती आंत जाईनाशी झाली, दुखूं लागली व उलट्या होऊं लागल्या, तर जिवास धोका असतो. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. बासिनीच्या श्रमांचें चीज त्यांतच आहे.