कर्मवीर भाऊराव पाटील : एका पंक्तीचे शिक्षण

समाजाच्या स्मरणिकेत थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे ते केवळ वंदनासाठी नव्हे, तर आपल्या कार्याची दिशा तपासून पाहण्यासाठी होय. आपल्या पेठ वडगावच्याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने त्या काळी तेथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. खेड्यातील गरीब मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय नसेल, तर शाळेचे दार उघडे असूनही त्याला बंदच, हे महाराजांनी जाणले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास भाऊराव उपस्थित राहिले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे मॅट्रिकही न होता त्यांचे शालेय शिक्षण थांबले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खेडोपाडी खपविले. या भ्रमंतीत रयतेचे दारिद्र्य व अज्ञान त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली सातारा येथे त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाकात हात लावीत आणि एकाच पंक्तीस बसून जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. धान्य व वर्गणी गोळा करून संसार चाले. तेही अपुरे पडे, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली ही माउली निवर्तली, परंतु वसतिगृह चालूच राहिले.

फुकट मिळालेल्या अन्नाने मुलगा मिंधा होऊ नये, म्हणून भाऊरावांनी श्रमाला शिक्षणाची जोड दिली. कमवा आणि शिका या योजनेत विद्यार्थी शेतात राबत व त्या कमाईवर शिकत. पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या, शिक्षक घडविण्याचे विद्यालय निघाले, १९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला व त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.

या चरित्राचा बोध आपणांस थोडा झोंबणारा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण मोफत झाले. परंतु चौदा वर्षांनंतर खोलीचे भाडे, खानावळ व प्रवास यांचा खर्च आईबापांच्याच माथी राहतो, आणि तेथेच मोलमजुरी करणाऱ्यांचे मूल मागे पडते. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. तथापि नव्वद टक्के गुण मिळविणाऱ्यास शाल देण्यापूर्वी, शाळा सोडून कामास लागलेल्या मुलाच्या घरी आपल्यापैकी कोणी गेले होते काय? जातीचे वसतिगृह ही पहिली पायरी होय. तिच्यावरच बसून राहावयाचे नसते. आपल्या शिष्यवृत्ती निधीतील काही वाटा गावातील कोणत्याही जातीच्या गरजू मुलासाठी राखून ठेवावा. कुंभोजच्या या सुपुत्रास तेच खरे अभिवादन ठरेल.